कायाकल्प चंद्रग्रहण

१२ जानेवारी

ती. भाऊजी आणि ताई यांना सा. नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर सांगितलेलं काम तुम्ही काम धरत नाही. कागदावर येईल तेच छापखान्यात येईल, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. तर काम आहे आणि घाईचं आहे.

आमच्या वेधशाळेच्या समितीला नवे अध्यक्ष मिळाले आहेत. आधी ते रस्त्यांवरच्या दिव्यांच्या समितीवर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि विचारलं, हा कोणाच्या अखत्यारीत येतो? मी म्हटलं, कोणाच्याच नाही. तेव्हापासून ते चंद्राला आपल्याच खात्यातला धरून चालतात.

येत्या २१ फेब्रुवारीला चंद्रग्रहण आहे. दुर्बिणीला कॅमेरा जोडून ते इंटरनेटवरून साऱ्या जगाला थेट दाखवायचं, असं त्यांनी ठरवलंय. मी त्यांना आधीच सांगितलं की हे ग्रहण छायाकल्प आहे. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत शिरतच नाही, बाहेरच्या विरळ सावलीतून नुसता जाऊन येतो. साध्या डोळ्यांना काही फरक कळत नाही. त्यावर ते म्हणाले, "ग्रहण आहे की नाही, एवढंच सांगा." मी म्हटलं, आहे. "मग झालं तर."

आणि जाता जाता म्हणाले, कार्यक्रम गाजला तर तुम्हाला कायम करू.

भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे, अकरा वर्षं मी हंगामी आहे. सहा महिन्यांचा आदेश, मग एक दिवस खंड, मग पुन्हा सहा महिने. माझी नोकरीच खंडग्रास. टेकडीखाली दुर्बीण-निरीक्षकासाठी दोन खोल्यांचं क्वार्टर आहे, तेही अकरा वर्षं कुलपात. ही रोज भाजी आणायला जाताना त्या कुलपाकडे बघून येते.

तेव्हा फलक छापून पाठवा. चाळीस फुटी. मजकूर सोबतच्या कागदावर आहे: "छायाकल्प चंद्रग्रहण. साऱ्या जगासाठी थेट प्रक्षेपण. शनिवार २१ फेब्रुवारी, सायंकाळी सातपासून."

तुमचा,
मेहुणा

१७ जानेवारी

प्रिय मेहुणेबुवा,
अनेक आशीर्वाद.

फलक आजच्या मालगाडीने रवाना केला आहे. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं घेतलीत आणि एका कोपऱ्यात चंद्र, तो माझ्यातर्फे. चंद्राची बातमी आणि चंद्रच नाही, हे बरं दिसेना.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, पाण्यात पडलेल्या कागदासारखं. तुझ्या मजकुरात एक किरकोळ चूक होती, ती निस्तरली. तुला ठाऊक आहे, मी छापखान्यात आलो तो कातरण झाडायला. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे वेचता वेचता वाचायला शिकलो. तीही आधी उलटी, सुलटी मागाहून. त्यामुळे चूक मला वाचण्याआधी दिसते. एका डॉक्टरने "रुग्नांसाठी सूचना" लिहून आणलं होतं. न विचारता सुधारून दिलं. तो अजून रस्त्यात थांबून बोलतो.

कायम होण्याचं लेखी घेतलंस का? तोंडी दिलेलं मी काम धरत नाही, तसं तूही धरू नकोस.

तुझा,
भाऊजी

२४ जानेवारी

ती. भाऊजी, सा. नमस्कार.

फलक पोचला. काल अध्यक्ष, चिटणीस आणि अख्खी समिती अंगणात उभी असताना आम्ही तो उलगडला. आधी चंद्र आला, टाळ्या पडल्या. मग अक्षरं आली.

"कायाकल्प चंद्रग्रहण."

मी चिटणिसांच्या कानात सांगितलं की हे चुकलंय, परत गुंडाळा. त्यांनी अध्यक्षांच्या कानात सांगितलं. अध्यक्षांनी ते शब्द दोनदा मोठ्याने म्हणून पाहिले आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, "छायाकल्प म्हणजे काय ते तुम्ही मला दोन वेळा समजावलंत, मला दोन्ही वेळा समजलं नाही. हे मात्र वाचताक्षणी समजलं. चंद्र नवा होणार."

मी म्हटलं, चंद्र जुनाच राहणार आहे. ते म्हणाले, तो तुमचा तांत्रिक भाग झाला.

फलकाचा फोटो संध्याकाळीच सगळीकडे गेला. चिटणिसांनी मजकुराचं आणखी सहा भाषांत भाषांतर करून घेतलं. त्यातल्या एका भाषेत, मला कोणीतरी सांगितलं, "या रात्री चंद्र तरुण होतो आणि पाहणाराही" असं झालंय. आज सकाळपर्यंत एक्केचाळीस देशांतून पन्नास हजार लोकांनी नावं नोंदवली. सुरकुत्या घालवण्याचं मलम करणारी एक कंपनी खर्च उचलायला पुढे आली आहे. तिचे मालकच प्रमुख पाहुणे.

दुपारी एका गृहस्थांचा फोन आला. चंद्र पाहताना सदरा काढावा लागेल का, असं विचारत होते.

भाऊजी, तुमच्याकडे हा शब्द बदलला कोणी? मी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं.

मेहुणा

२८ जानेवारी

प्रिय मेहुणेबुवा,

तुझं पत्र वाचून मीही चक्रावलो. चौकशी केली. हल्लीचे संगणक फार शहाणे झालेत. ओळखीचा शब्द दिसला नाही की आपणहून दुसरा घालतात. तसंच काही झालं असणार. आमचा कारागीर सज्जन माणूस आहे, त्याला मी एका शब्दाने बोललो नाही.

आणि बिघडलं तरी काय? लोक पन्नास हजार आहेत. छायाकल्प लिहिलं असतं तर तू, तुझी बायको आणि आम्ही दोघं.

भाऊजी

ता. क. पाकीट मी बंद करतेय म्हणून चार ओळी माझ्याही. संगणकाचं काही ऐकू नकोस. तो बिचारा तुझा शब्द बरोबर दाखवत होता. हे कारागिराच्या मागे उभे राहून म्हणाले, "मेहुण्याला का आणि छा यातला फरक कळत नाही, अकरा वर्षं आकाशाकडे बघतोय." आणि स्वतः बदलला. आता रात्री उठून शब्दकोश चाळतात. मी झोपेचं सोंग घेते. — ताई

५ फेब्रुवारी

ती. भाऊजी, सा. नमस्कार. ताईचा ता. क. पोचला. राग नाही. खरं तर वेळच नाही.

नोंदणी दोन लाखांवर गेली. अध्यक्षांनी विचारलं, ज्या देशांत तेव्हा दिवस असेल तिथे चंद्र दिसेल का? म्हटलं, आकाशात नाही, पडद्यावर दिसेल. ते म्हणाले, म्हणजे आपल्यामुळेच दिसेल. हे वाक्य त्यांनी भाषणात घेतलंय.

कार्यक्रमपत्रिका चिटणिसांनी केली. तिच्यात दिलंय: "६.५० दीपप्रज्वलन. ७.०० स्वागत. ७.१० अध्यक्षीय मनोगत. ७.४५ ग्रहणारंभ (पाहुण्यांच्या हस्ते)." मी सांगितलं की ग्रहण सात वाजून दहा मिनिटांनी लागतं. चिटणीस म्हणाले, मनोगत संपल्याशिवाय काहीही लागणार नाही.

परवा रंगीत तालीम झाली. कॅमेरा, तार, जोडणी सगळं चोख. चंद्र इतका स्वच्छ आला की त्याच्यावरचे खड्डे मोजावेत. अध्यक्ष बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "यात होणार काय?" मी म्हटलं, काही नाही. "चार तास?" चार तास.

तेव्हा त्यांची नजर कॅमेऱ्याच्या गोल बटणावर गेली. याने काय होतं? उजेड कमी-जास्त होतो. त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं. पडद्यावरचा चंद्र काळवंडला, पुन्हा उजळला. त्यांचा चेहराही तसाच झाला. म्हणाले, आमच्या दिव्यांच्या खांबांवर नेमकं हेच बटण होतं. साडेआठला जरा फिरवा, सव्वानऊला परत आणा. आणि एकविसाव्या शतकात एवढं चालतं.

मी काही बोललो नाही.

कायमच्या आदेशाचा मसुदा टेबलावर आहे, असं चिटणीस जाता जाता म्हणाले. हिने क्वार्टरच्या कुलपाला तेल घालून आणलंय.

मेहुणा

१० फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

आधी माझं. शब्द मीच बदलला. संगणक, कारागीर सगळे निर्दोष. छायाकल्प हा शब्द आहे आणि शब्दकोशात अगदी ठळक छापलेला आहे. तो छापणाऱ्याने माझ्यासारखं डोकं चालवलं नाही म्हणून वाचला. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या. कोणी विचारलं नसताना काढल्या. त्यातल्या किती खरोखर चुका होत्या, याची आता शंका येऊ लागली आहे.

आता तुझं. माझे कान तिखट आहेत, पत्रातलंही ऐकतात. "मी काही बोललो नाही" असं तू लिहितोस. म्हणजे मान हलवलीस. कुठल्या बाजूला, तेही मला ऐकू आलं.

मी तुला उपदेश करणार नाही. दोन खोल्यांसाठी माणूस काय काय करतो ते मी पाहिलंय, केलंयही. पण माझ्या धंद्यात चुकीला एक वाट ठेवलेली असते. पुस्तक छापून झालं, बांधणी झाली, आणि मग चूक सापडली, तर पुस्तक फाडत नाहीत. एक चिठोरी छापतात: अमुकऐवजी तमुक असे वाचावे. शुद्धिपत्र. इतरांसाठी शेकडो छापली, स्वतःच्या चुकीचं कधी छापलं नव्हतं. परवा मशीन स्वतः चालवून छापलं. दोन हजार प्रती याच टपालाने पाठवतो आहे. फलकाखाली लाव, पाहुण्यांना वाट, नाहीतर चहाच्या पेल्याखाली ठेव. पण एक तरी खिशात असू दे.

भाऊजी

ता. क. तुझी ताई म्हणते की ती एकाच वेळी दोन्हीकडे बघणार आहे, फोनवर आणि गच्चीवरून.

२२ फेब्रुवारी

ती. भाऊजी आणि ताई,

शुद्धिपत्राची गठडी अध्यक्षांनी मला उघडूच दिली नव्हती. पाहुण्यांच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती गेली. एक प्रत माझ्या वरच्या खिशात होती.

सात वाजून दहाला ग्रहण लागलं, तेव्हा अध्यक्ष बोलत होते. पावणेआठला पाहुण्यांनी फीत कापली आणि मलमाची डबी कॅमेऱ्यासमोर धरली. मग पडदा चंद्राला मिळाला आणि ध्वनिक्षेपक मला. पडद्याच्या कडेला बघणाऱ्यांचा आकडा होता, तीन लाख अकरा हजार. त्याखाली लोक लिहीत होते, ते सरसर वर जात होतं.

मी सांगत होतो: आत्ता चंद्र विरळ सावलीत आहे, डाव्या कडेला किंचित मळकटपणा येईल, बहुधा कळणार नाही. आणि कळत नव्हतं. सव्वाआठला एकाने लिहिलं, हे चित्र अडकलंय का? दुसऱ्याने लिहिलं, आमच्याकडे भर दुपार आहे, चंद्र नाही, तरी गुडघ्याला आराम वाटतोय. साडेआठला आकडा घसरू लागला. दोन लाख नव्वद. दोन साठ. मागून अध्यक्षांचा आवाज आला. "करा सुरू." म्हटलं, सुरू होऊन ऐंशी मिनिटं झाली. ते म्हणाले, "मी ग्रहणाचं बोलत नाही."

भाऊजी, मी बटण फिरवलं. लपवत नाही. दोन घरं फिरवलं, आणि चंद्रावर राख पसरल्यासारखी झाली. खाली समितीने टाळ्या वाजवल्या. आकडा उलटा धावायला लागला. तीन लाख, साडेतीन, चार. लोक लिहीत होते, अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. मला क्वार्टरची दोन्ही दारं उघडी दिसली, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात त्या सरसर जाणाऱ्या ओळींत एक ओळ आली. आपल्या भाषेतली.

"इथे गच्चीवरून तर तसाच लख्ख दिसतोय रे. तुझी तब्येत बरी आहे ना?"

चार लाखांत एक ताई. तिला चंद्राची काळजी नव्हती. मला लहानपणी गृहपाठाची वही तिच्या हातात देताना जसं व्हायचं, तसं झालं.

मी बटण परत फिरवलं. झटक्यात, पूर्ण. चंद्र लख्ख झाला. आणि मग जे झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. चार लाख लोकांनी एकदम लिहिलं, झाला, झाला, कायाकल्प झाला. अध्यक्षांनी मला मिठी मारली. मलमवाल्यांनी डबी पुन्हा वर धरली.

मी मिठीतून एक हात सोडवला, खिशातली प्रत काढली आणि कॅमेऱ्यापुढे धरली. ध्वनिक्षेपकावर वाचली, जशी तुम्ही छापलीत तशीच: "फलकावरील 'कायाकल्प' या शब्दाऐवजी 'छायाकल्प' असे वाचावे. चंद्रात कोणताही बदल होणार नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत." आणि पुढे माझं एक वाक्य जोडलं: "आत्ता जो काळोख दिसला तो या बटणाचा होता आणि बटण मी फिरवलं."

ओळी पुन्हा सरसर आल्या. निम्म्या शिव्या होत्या. उरलेल्या निम्म्यांतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, छायाकल्प हा कायाकल्पाचा पुढचा टप्पा आहे का?

दीड लाख लोक मात्र शेवटपर्यंत थांबले. अकरा वीसला ग्रहण सुटलं तेव्हा काहीच झालं नाही. लांबच्या कुठल्याशा देशातून एका बाईने लिहिलं, चार तास काही झालं नाही, असं किती दिवसांनी मिळालं.

माझं काय होणार ते माहीत नाही. अध्यक्ष माझ्याशी बोलले नाहीत. ही बोलली. म्हणाली, आधी जेवून घे.

मेहुणा

२७ फेब्रुवारी

प्रिय मेहुणेबुवा,

तुझी ताई गच्चीत आणि मी खाली फोनसमोर, असे आम्ही पाहत होतो. ती जिन्यातून ओरडून विचारायची, तिकडे कसाय? मी सांगायचो, काळा. ती म्हणायची, इकडे नाही. तिसऱ्या वेळी ती खाली आली, माझ्या हातून फोन घेतला आणि लिहिलं. तुला पकडायला नव्हे. तिला खरंच वाटलं तुला डोळ्यांपुढे अंधारी आली.

शुद्धिपत्र वाचलंस तेव्हा मी उठून उभा राहिलो. माझं छापलेलं चार लाख लोकांनी वाचलं असं आधी कधी झालं नव्हतं, आणि झालं ते माझ्या चुकीचं.

दुकानात रोज ऐकतोय. काल एक गिऱ्हाईक दुसऱ्याला सांगत होतं, तो बटणाचा कबुलीजबाब प्रकरण दाबण्यासाठी दिला, खरा कायाकल्प झालाच होता, माझ्या सासऱ्यांची आखडलेली पाठ सुटली. मी आतून ऐकत होतो. चूक सुधारायला उठलो आणि पुन्हा बसलो.

नोकरी गेली तर इकडे या. मागची खोली रिकामी आहे आणि मला एक मुद्रितशोधक हवाच आहे. माझ्यावर लक्ष ठेवायला.

भाऊजी

१९ मार्च

ती. भाऊजी, सा. नमस्कार.

आधीच कळवणार होतो, पण इथे रोज वेगळं ऐकू येत होतं. पहिला आठवडा अध्यक्षांनी मला काढायचं ठरवलं. मग कुठल्याशा परदेशी वर्तमानपत्राने "जगातलं सर्वांत प्रामाणिक ग्रहण" असं छापलं, तेव्हा त्यांनी मला कायम करायचं ठरवलं. मग मलमवाल्यांचा खरमरीत खलिता आला, तेव्हा पुन्हा काढायचं. मग वेधशाळेला सन्मानपत्र जाहीर झालं, ते घ्यायला अध्यक्ष स्वतः जाणार, तेव्हा पुन्हा कायम. टंकलेखिका बाई सांगत होत्या, एकाच कागदावर शब्द खोडून घालून, घालून खोडून त्यांची बोटं दुखली. शेवटी अध्यक्ष सन्मानपत्रासाठी गाडीत बसता बसता सही करून गेले. सही करताना वाचलं नाही.

आदेश आज मिळाला. जसाच्या तसा उतरवतो:

"दुर्बीण-निरीक्षक पदाबाबत आपणांस दि. १ एप्रिलपासून कायमुक्त करण्यात येत आहे."

कायमुक्त, भाऊजी. चिटणिसांना विचारलं. ते म्हणाले, सही झाली आहे, अर्थ ज्याचा त्याने लावावा. हिच्या मते "कायम" आहे आणि पुढचं नुसतं गडबडलंय. मला भीती वाटते की "कार्यमुक्त" आहे, वरचा रफार पडलाय. तुमची नजर यात मुरलेली. सांगा, हे कसं वाचायचं? शुद्धिपत्र मागणारा अर्ज करू का? मसुदा तयार आहे.

मेहुणा

२४ मार्च

प्रिय मेहुणेबुवा,

आदेशातला शब्द मी भिंगाखाली धरावा तसा तीन दिवस धरला. तुला काय वाटतं ते चूक नाही, आणि तुझ्या बायकोला वाटतं तेही चूक नाही. शब्द अगदी दोन्हींच्या मधोमध पडला आहे. इतकी नेमकी चूक चाळीस वर्षांत माझ्या हातून झालेली नाही. त्या टंकलेखिका बाईंना माझा नमस्कार सांग.

कसा वाचायचा, हे मला ठाऊक आहे. सांगणार नाही. अर्ज फाडून टाक. शुद्धिपत्र ज्याची चूक त्याने काढायचं असतं, आणि त्यांना ती सापडायला, तुझ्या अध्यक्षांचा वाचनाचा वेग पाहता, निवृत्तीची वेळ येईल. १ एप्रिलला सकाळी आदेशाची प्रत घेऊन, स्वच्छ सदरा घालून क्वार्टरच्या कारकुनाकडे जा. कागद त्याच्यापुढे ठेव. विचारू नकोस, समजावू नकोस. फक्त म्हण, "किल्ली."

तो कागद वर करून वाचील, मग तुझ्याकडे बघेल. तू आकाशाकडे बघ. अकरा वर्षांचा सराव आहे.

भाऊजी

ता. क. पत्र हे तीनदा वाचून पाहिलंय यांनी आणि एकही शब्द खोडला नाही, म्हणून मलाच धास्ती वाटली. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही. तुझ्या दोन्ही खोल्यांच्या खिडक्यांची मापं पाठव. पडदे मी शिवते. आकडे नीट लिही, इथे आता कोणी सुधारून घेणार नाही. — ताई